घरातला वाफेचा तंबू: कोकणच्या दमट हवेत कसा लावावा, कसा वापरावा, कसा वाळवावा

घडीच्या स्टीम बाथ तंबूसोबत जो माहितीचा कागद येतो तो थंड, कोरड्या हवेतल्या माणसाला समोर ठेवून लिहिलेला असतो. तंबू उघडा, पाणी भरा, बटण दाबा, अर्धा तास बसा, घडी घालून ठेवा, झालं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावर राहणाऱ्याने हा कागद जसाच्या तसा पाळला तर बाहेर आल्यावर अंग लवकर निवत नाही आणि तंबू महिनाभरात बुरशीने काळा पडतो. वाफ काढणं अजिबात अवघड नाही, पाण्याला उकळी आली की ती येतेच. आपल्याकडे खरी मेहनत वाफ बंद केल्यानंतर सुरू होते.

त्यामागचा हिशेब एकदा बघून ठेवा. १००० वॉटचा स्टीमर, म्हणजे तंबूला नळीने वाफ पुरवणारं विजेचं भांडं, वीस मिनिटांत साधारण अर्धा लिटर पाण्याची वाफ करतो. १० बाय १० ची, १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे २८ घनमीटर हवा. जानेवारीत २५ अंशांना हवेत ५५ टक्के आर्द्रता असेल तर ही खोली आणखी जवळपास २९० ग्रॅम वाफ पोटात घेऊ शकते. जुलैत २८ अंश आणि ९० टक्के आर्द्रता असताना तीच खोली जेमतेम ७५ ग्रॅम घेते. उरलेलं पाणी भिंतीवर, कपाटाच्या पाठीवर, गादीत आणि तंबूच्या अस्तरात जाऊन बसतं. शरीराचंही तसंच आहे. घाम वाळला तरच अंग थंड होतं. तंबूत तो वाळत नाही, आणि मे महिन्याच्या संध्याकाळी तंबूबाहेरही नीट वाळत नाही.

म्हणून आपल्याकडचे नियम थोडे वेगळे: बसण्याचा वेळ कमी, जागा हवेशीर, आणि वाळवण्याला वाफेच्या कितीतरी पट वेळ.

विकत घेताना काय बघायचं

तंबू दोन तऱ्हेचे मिळतात. एकात डोकं बाहेर राहतं, मानेभोवती कापडाची कॉलर असते आणि हात बाहेर काढायला चेनची भोकं असतात. उंची साधारण एक मीटर, तळ ७० ते ८० सेंटिमीटरचा चौकोन. दुसरा पुरुषभर उंच, त्यात डोक्यासकट आत बसायचं. किनाऱ्यावरच्या घरासाठी पहिलाच घ्यावा असं आमचं स्पष्ट मत आहे. नाकाला बाहेरची हवा मिळते, चक्कर आली तर समोरच्याला चेहरा दिसतो, आणि वाळवायला कापड निम्मं असतं.

स्टीमर ८०० ते १५०० वॉटचे असतात. डोकं बाहेर ठेवण्याच्या तंबूला १००० वॉट पुरतात. तळाची पट्टी वाचल्याशिवाय स्टीमर घरात आणू नका: २२०-२४० व्होल्ट, ५० हर्ट्झ असंच हवं. परदेशातून मागवलेले काही स्टीमर ११० व्होल्टचे असतात. ते आपल्या २३० व्होल्टवर लावले तर कॉइलवर चौपटीहून जास्त भार येतो आणि ती लगेच जळते. पाणी संपल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आणि टायमर या दोन्ही गोष्टी हव्यातच. रिमोट नसला तरी चालेल.

चेन आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून उघडणारी हवी. हे दुकानातच उघडझाप करून बघा. सोबतची घडीची खुर्ची किती वजन पेलते ते लेबलावर असतं. स्वतःच्या वजनात आणि त्या आकड्यात निदान १५ किलोंचं अंतर नसेल तर लाकडी स्टूल वापरा. खुर्चीचे लोखंडी पाइप खाऱ्या हवेत वर्षभरात आतून गंजतात आणि मोडायच्या आधी बाहेरून काही कळत नाही.

कुकरच्या शिट्टीच्या जागी नळी जोडून तंबूत वाफ सोडण्याचा जुगाड बरेच जण करतात. वैद्यांकडे नाडीस्वेदासाठी, म्हणजे नळीने वाफ देऊन घाम काढण्यासाठी, कुकरला जोडलेली नळी पाहिलेली असते, त्यावरून ही कल्पना सुचते. पण तिथे नळी दुसऱ्या माणसाच्या हातात असते आणि रोगी उघड्यावर असतो. बंद तंबूत नळीला पीळ पडला तर कुकरमध्ये दाब चढतो, आणि शेजारी पेटलेल्या गॅसजवळ नायलॉनचं कापड असतं. हे करू नका. तंबूच्या आत किंवा बंद न्हाणीघरात शेगडी, निखारे, गॅस यांपैकी काहीच नको. जळण्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. माणूस झोपेत गेल्यासारखा जातो.

जागा

सर्वांत चांगली जागा म्हणजे फरशी घातलेली, एका बाजूने उघडी पडवी. वाफ निघून जाते, पाणी सांडलं तर पुसता येतं, वाळवायची रशीही तिथेच असते. फक्त पावळीपासून चार हात आत बसा, म्हणजे पावसाची झड स्टीमरवर येणार नाही. शेणाने सारवलेल्या जमिनीवर तंबू लावू नका. खाली गळणाऱ्या पाण्याने सारवण भिजून पोपडे सुटतात आणि खुर्चीचा पाय रुततो. कौलारू घरात माळ्याखालच्या खोलीत बसायचं तर दोन्ही खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर वाफ वाशांना आणि रिपांना लागत राहते.

फ्लॅटमध्ये न्हाणीघर सोयीचं, पण स्टीमर आत ठेवू नका. तंबू आत, स्टीमर उंबऱ्याबाहेर कोरड्या लादीवर, आणि मधून नळी. नळी बहुधा मीटर-सव्वा मीटरची असते, तेवढी पुरते. त्यापेक्षा लांब नळी जोडली तर वाफ वाटेतच पाणी होते. दार नळीपुरतं उघडं राहतं, आणि ते राहिलेलंच बरं. कडी लावून बसायचं नाही.

झोपायच्या खोलीत, गादी आणि कपड्यांच्या कपाटाशेजारी तर नकोच.

वीज

१००० वॉटचा स्टीमर ४.३ अँपिअर घेतो, १५०० वॉटचा साडेसहा. १५०० वॉटचा ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर चालवू नका. १६ अँपिअरच्या मोठ्या पिनेचा पॉइंट हवा, गिझर किंवा फ्रिजसाठी असतो तसा. मोठ्या पिनेला छोटा कन्व्हर्टर लावून काम भागवणं म्हणजे आग लावण्याची तयारी. बारीक वायरच्या एक्स्टेन्शन बोर्डचंही तेच: वायर गुंडाळलेली राहते, तापते आणि वितळते.

समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरच्या आत घर असेल तर पितळी पिनांवर हिरवट थर धरतो. त्या थरामुळे जोड सैल पडतो आणि तापतो. महिन्यातून एकदा प्लग काढून पिना बारीक पॉलिश पेपरने घासा. स्टीमर दहा मिनिटं चालल्यावर कोरड्या हाताने प्लगला बाहेरून हात लावून बघा. कोमट लागला तर ठीक. हात ठेववत नसेल तर बंद करा आणि वायरमनकडून सॉकेट बदलून घ्या.

घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच) असल्याशिवाय हा तंबू वापरू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे. ओलं अंग, ओली लादी आणि वीज एकाच जागी येतात. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून तो पडतो की नाही ते बघा. अर्थिंगही तपासून घ्या. जांभ्याच्या सड्यावरच्या घरांत एप्रिल-मेमध्ये जमीन कोरडी ठाक होते आणि अर्थिंगचा प्रतिकार वाढतो. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला एक-दोन बादल्या पाणी ओतायची जुनी रीत आहे ती त्यासाठीच.

संध्याकाळी व्होल्टेज उतरतं तेव्हा वाफ कमी येते, त्यात स्टीमरचा दोष नसतो. व्होल्टेज १९० वर आलं तर १००० वॉटचा स्टीमर ६८० वॉटचंच काम करतो. पहाटे किंवा दुपारी बसून बघा, फरक दिसेल. घरगुती इन्व्हर्टरवर स्टीमर चालत नाही. वीज गेली तर चेन उघडून बाहेर या आणि प्लग काढून ठेवा. साध्या बटणाचे स्टीमर वीज परतल्यावर आपसूक सुरू होतात आणि घरात कोणाच्या ते लक्षातही येत नाही.

पाणी

किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरींचं पाणी वैशाखात मचूळ होतं. ते स्टीमरमध्ये घालू नका. क्षार तळाशी जमतात, आणि खारं पाणी उकळताना फेसाळून नळीत चढतं. पावसाळ्याच्या सुरुवातीचं गढूळ, लालसर पाणीही नको. रात्रभर निवळत ठेवून, चौपदरी फडक्याने गाळून घेतलं तर चालतं. फिल्टरचं पाणी असेल तर प्रश्नच मिटला, कारण एका वेळेला लागतं फार तर दीड लिटर.

किती भरायचं? स्टीमर दोन लिटरचा असला तरी दीड लिटरच भरा. २७ अंशांचं दोन लिटर पाणी १००० वॉटवर उकळायला दहा मिनिटं लागतात, दीड लिटरला साडेसात. वीस मिनिटांच्या वाफेला अर्धा लिटर जातं, म्हणजे तळ कधी उघडा पडत नाही. बंबातलं किंवा सोलरचं गरम पाणी घातलं तर तीन-चार मिनिटांत वाफ सुरू होते. काठोकाठ भरू नका. उकळतं पाणी थेंबाथेंबाने नळीत उडतं आणि पोटऱ्या भाजतात त्या बहुतेक वेळा याच चुकीने.

मांडणी

पहिल्यांदा वापरण्याआधी अस्तर साबणाच्या पातळ पाण्याने पुसून वाळवा. मग आत कोणी न बसता एक लिटर पाण्यावर पंधरा मिनिटं वाफ सोडा. नव्या कापडाचा आणि नळीचा वास या फेरीत निघून जातो. नंतर दरवेळी या क्रमाने:

१. लादीवर जाड गोणपाट किंवा रबरी मॅट पसरा. तंबूच्या पातळ तळावर ओली पावलं घसरतात.

२. सांगाडा उभा करा. पाइपचा असेल तर आधी तळाचा चौकोन, मग उभे चार, शेवटी वरचा. जोड हाताने दाबून पक्के करा, हातोडी लावू नका.

३. खुर्ची मध्यापेक्षा किंचित मागे ठेवा आणि तिच्यावर दुहेरी पंचा टाका, पाठीलासुद्धा. तापलेला पाइप उघड्या मांडीला चटका देतो.

४. नळीत एकदा फुंकर मारून बघा. हे गमतीचं वाटेल, पण कुंभारीण माशी चार दिवस पडून असलेल्या कुठल्याही नळीत मातीचं घर करते. बंद नळीवर स्टीमर चालू केला की वाफ झाकणातून फुत्कारते किंवा झाकणच उडतं.

५. नळी जोडा. तिला मध्ये झोळ पडता कामा नये. झोळात पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो, वाफ अडते आणि मग एकदम उकळत्या पाण्याची पिचकारी येते. भांडं जमिनीवर आणि नळीचं तंबूतलं टोक त्याच्या तोंडापेक्षा चार बोटं वर, अशी रचना जमली तर नळीतलं पाणी परत भांड्यात उतरतं. तंबूचं भोक खालीच असेल तर नळीला तंबूकडे एकसारखा उतार द्या आणि टोकाखाली स्टीलची ताटली ठेवा.

६. वाफेचं तोंड पायांपासून निदान एक फूट लांब, खुर्चीच्या मागच्या कोपऱ्यात हवं. सोबत येणारी जाळीची पेटी लावाच. तिच्यापुढे लाकडी पाट आडवा उभा करा. वाफ पाटाला आपटून पसरते आणि तिची धार अंगावर येत नाही.

चरकसंहितेत अग्नीच्या साहाय्याने घाम काढण्याचे तेरा प्रकार सांगितले आहेत, त्यांतला नाडीस्वेद म्हणजे नळीने आणलेली वाफ. त्या नळीला दोन-तीन ठिकाणी वाकवावं असं तिथे म्हटलं आहे, कारण वाकल्याने वाफेचा जोर मोडतो आणि कातडी भाजत नाही. आपला पाट आणि पेटी तेच काम करतात. डोळे, हृदय आणि वृषण यांना वाफ अगदी सौम्य द्यावी किंवा देऊच नये, असंही त्या अध्यायात आहे. मूल व्हावं म्हणून प्रयत्न करणाऱ्या पुरुषांनी ते मनावर घ्यावं. उष्णतेने शुक्रजंतूंची संख्या काही काळ घटते.

बसणं

जेवणानंतर दोन तासांच्या आत बसू नका, पण अगदी रिकाम्या पोटीही नको. अर्धा तास आधी दोन पेले पाणी प्या. मंगळसूत्र, साखळी, अंगठ्या, कमरेचा करगोटा, त्यातल्या किल्ल्या, सगळं काढून ठेवा. कॉन्टॅक्ट लेन्सही. अंगाला तेल लावलं असेल तर आधी पुसून घ्या. तेलकट अस्तर पुढे कधीच नीट साफ होत नाही.

छातीच्या उंचीवर तंबूत एक साधा थर्मामीटर टांगा. स्टीमरवरचे १ ते ९ आकडे वाफेच्या जोराचे असतात, अंशांचे नव्हे, त्यावर भरवसा ठेवू नका. ४२ ते ४५ अंश पुरेत. फिनलंडच्या सॉनात ८०-९० अंश असतात हे ऐकून कोणी आकडा चढवायला जाईल, पण तिथली हवा कोरडी असते आणि घाम वाळत राहतो. वाफेत घाम वाळत नाही, उलट वाफ कातडीवर पाणी होताना आपली उष्णता अंगात सोडते. ४८ च्या वर काटा गेला की चेन चार बोटं उघडा.

तंबू आधी तीन-चार मिनिटं गरम होऊ द्या, मग बसा. पहिल्या आठवड्यात आठ ते दहा मिनिटं. सवय झाल्यावर बारा ते पंधरा. वीसच्या वर कधीच नाही. आठवड्यातून दोन-तीनदा भरपूर झालं. मानेभोवतीच्या फटीत पंचा गुंडाळा, म्हणजे वाफ तोंडावर येत नाही. कपाळावर गार पाण्यात पिळलेला रुमाल ठेवा. पाय गार आणि खांदे तापलेले असं होत असेल तर वाफेचं तोंड जमिनीलगत आणा, वाफ वर चढतेच.

घरात दुसरं माणूस जागं असायला हवं आणि तुम्ही तंबूत आहात हे त्याला माहीत असायला हवं. आधी एकदा वाफ न सोडता, डोळे मिटून, आतून चेन उघडून बाहेर यायचा सराव करा. घाबरल्यावर चेन सापडत नाही.

छातीत धडधड, डोकं ठणकणं, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी, किंवा घाम एकाएकी थांबून काटा येणं, यांपैकी काहीही झालं तर मिनिटं मोजत बसू नका. वाफ बंद, चेन वरून खाली उघडा, मिनिटभर तिथेच बसून राहा, मग भिंतीला धरून सावकाश उठा. झटकन उभं राहिल्यास रक्तदाब उतरतो आणि माणूस ओल्या लादीवर कोसळतो.  गार लादीवर पाय वर करून निजवल्यावर दहा मिनिटांत बरं वाटलं नाही, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर अंगावर पाणी मारत, पंखा लावून तसंच दवाखान्यात न्या.

कोणी बसू नये

गरोदर बाई, लहान मूल, हृदयविकाराचा रुग्ण, आटोक्यात नसलेला रक्तदाब, फिट्स येणारी व्यक्ती, आणि दारू प्यायलेला कोणीही. लघवी जास्त होण्याच्या किंवा नाडी मंद ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. जुना मधुमेह असेल आणि पावलं बधिर झाली असतील तर पाय भाजल्याचं कळतच नाही. गजकर्ण, नायटा किंवा जांघेतली खाज पावसाळ्यात आपल्याकडे घरोघर असते. ओली उष्णता ती पसरवते, आधी बरी करा.

तापात घाम काढायला म्हणून कोणाला बसवू नका. भातलावणीच्या दिवसांत ताप आला तर तो लेप्टो, डेंग्यू किंवा मलेरिया असू शकतो. त्यात शरीराचं पाणी आधीच कमी झालेलं असतं. तंबूत बसवण्यापेक्षा रक्त तपासून घ्या.

आणि वजनाबद्दल. पंधरा मिनिटांनी काटा थोडासा भार कमी दाखवतो तो घामाचा. पाणी प्यायल्यावर तो परत येतो, यायलाच हवा. आखडलेले स्नायू सुटणं, गुडघ्या-कमरेला तेवढ्यापुरता आराम, रात्री चांगली झोप, एवढं या तंबूकडून मिळतं, आणि ते थोडं नाही.

बाहेर आल्यावर

इथे कोकणातला माणूस चुकतो. तंबूतून निघून सरळ गरम पाण्याच्या अंघोळीला जायचं नाही. आधी कोरड्या पंचाने अंग टिपा, पंख्याखाली दहा मिनिटं बसा, मग साध्या पाण्याने अंघोळ. बाहेरची हवा दमट असल्यामुळे घाम बराच वेळ येत राहतो. तो थांबल्याशिवाय कपडे चढवले तर घामोळं उठतं. मार्चअखेरपासून पाऊस लागेपर्यंत आम्ही बसूच नका म्हणू. फारच वाटलं तर पहाटे, आठ मिनिटं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे या तंबूचे खरे महिने.

बसण्याआधी आणि नंतर अंग पुसून वजन करा. जितके ग्रॅम कमी, तितके मिलिलिटर पाणी तासाभरात हळूहळू प्यायचं. भाताची पातळ पेज आणि मिठाचा खडा यासारखं दुसरं काही नाही. ताक चालतं, मीठ-साखर घातलेलं कोकम सरबतही. शहाळं उत्तम, पण मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी ते टाळावं, त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पाला आणि तेल

स्टीमरच्या भांड्यात पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही. तेलाने फेस येतो, तापमान ओळखणारा भाग आणि नळी खराब होते. पाल्याचा चोथा नळीत अडकतो. निरगुडीची पंधरा-वीस पानं, गवती चहाच्या दोन काड्या, नाहीतर चमचाभर ओवा मलमलच्या पुरचुंडीत बांधून जाळीच्या पेटीत ठेवा. वाफ त्यातून जाते आणि वास येतो. कापूर आणि बाम नको. बंद वाफेत ते डोळ्यांना आणि श्वासाला झोंबतात, आणि कापूर मुलांना विषारी आहे. निलगिरीचं तेल हवंच असेल तर दोन थेंब रुमालावर, तोही तंबूबाहेर. वापरलेला पाला माडाच्या आळ्यात टाका.

वाळवण

वाफ बंद केली की प्लग काढा. स्टीमर अर्धा तास निवू द्या, मग उरलेलं पाणी ओतून भांडं उपडं ठेवा. पाणी तसंच ठेवलं तर दुसऱ्या दिवशी बुळबुळीत होतं. नळी दोन्ही टोकांनी सोडवून, एक टोक धरून गरगर फिरवा आणि खिळ्याला उभी टांगा.

तंबूच्या सगळ्या चेन उघडा, आतली बाजू बाहेर करा आणि सुती फडक्याने कोपरे व शिवणी टिपा. ओल शिवणीत राहते, बुरशी तिथूनच सुरू होते. मग सावलीत, वाऱ्याच्या तोंडाशी टांगा. कडक उन्हात टाकायचा मोह होतो, पण कापडाचा चंदेरी लेप उन्हाने कोरडा पडून सोलतो. अर्धा तास कोवळं ऊन पुरे. थंडीत दोन-तीन तासांत काम होतं. पावसाळ्यात तंबू उभाच ठेवा, चेन उघडी, आणि टेबलफॅनचं तोंड आत करून तीन-चार तास चालवा, नंतर रात्रभर तसाच राहू द्या. शिवणीवर कागदी रुमाल दाबून बघा. तो ओला झाला तर घडी घालायची नाही. चुलीवरच्या वळणीवर मात्र कधी टाकू नका. पावसात कपडे तिथे वाळतात, पण हे कापड धगीने आवळतं आणि ठिणगीने पेटतं.

काळे ठिपके दिसू लागले तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समभाग घेऊन पुसा, तासभर ठेवा, साध्या पाण्याने पुसून वाळवा. ब्लीचिंगचं पाणी लेप खातं. ठिपके गेले तरी वाफ सोडल्यावर कुबट वास येत असेल तर बुरशी आतल्या थरात गेली आहे. तो तंबू टाकून द्या, त्यात बसून श्वास घेऊ नका.

महिन्यातून एकदा, किंवा तळाला पांढरट-तांबूस थर दिसला की, एक लिटर पाण्यात २० ग्रॅम लिंबूसत्त्व घालून नळी न लावता उकळी आणा, बंद करून अर्धा तास ठेवा, दोनदा खळबळून टाका. पितळेला लावतो तसं आमसूल किंवा आगळ इथे नको. आगळात मीठ असतं आणि गर तळाला चिकटून जळतो.

अडलं तर

वाफ मंद असेल तर या क्रमाने बघा: पाणी जास्त भरलं आहे का, नळीत झोळ किंवा माती आहे का, झाकणाचं रबर नीट बसलं आहे का, तळाला थर आहे का, व्होल्टेज कमी आहे का. मध्येच बंद पडला तर बहुतेक पाणी संपलं आहे. तापलेल्या कोरड्या तळावर गार पाणी ओतू नका, दहा मिनिटं थांबा. आरसीसीबी पडत असेल तर पुन्हा पुन्हा वर करून बघायचं नाही, कॉइलमध्ये ओल शिरली आहे, दुरुस्तीला द्या. चेन अडकत असेल तर दात्यांवर मेणबत्ती घासा. खोबरेल लावलं तर मिठाची धूळ चिकटते.

पावसाळ्यात वापरणार नसाल तर पाऊस लागायच्या आधी, मे संपताना, तंबू पूर्ण वाळवून प्लॅस्टिकच्या झाकणाच्या पिंपात ठेवा, सोबत ओल शोषणारी डबी टाका आणि ती पाण्याने भरली की बदला. कापडी पिशवीत ठेवला तर उंदीर अस्तर कुरतडतात. पाइपना खोबरेलाचा हलका हात पुसा. नळीच्या दोन्ही टोकांना फडकं घट्ट बांधा, म्हणजे दिवाळीनंतर ती काढाल तेव्हा आत कुंभारणीचं घर नसेल.